येळवशीच्या दिवशी आखलेली सहल

चार वयांच्या, चार स्वभावांच्या मुलांना एकाच दिवसात सारखंच सुखी करणं ही मोठ्या माणसांची नैतिक जबाबदारी आहे, हे वाक्य मी काही वर्षांपूर्वीच्या एका डिसेंबरात वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. त्याखाली तक्ता आखला. तक्ता आखला की माणसाला आपण जबाबदार झाल्यासारखं वाटतं, आणि रेघा लाल पेनानं मारल्या असतील तर निम्मं काम झालंच असंही वाटतं.

मी नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. माहेर लातूर. तिथं धाकटा भाऊ राहतो. एका डाळमिलमध्ये माल उतरवून घेण्याचं काम त्याच्याकडं आहे. त्याची दोन मुलं, माझी दोन. सुट्टीत चौघं एकत्र आली की घरात जत्रा भरायची. पुढं मोठी भाची अकरावीला गेली, मेडिकलच्या परीक्षेच्या क्लासला लागली, आणि जत्रेतला एक माणूस कमी झाला. लातुरात क्लासला लागलेलं मूल घरातच असतं, पण असल्यासारखं नसतं. त्याच्या खोलीबाहेर लोक चपला हातात घेऊन चालतात.

त्या डिसेंबरात वहिनीचा फोन आला.

"अक्का, येळवशीला पोरीच्या क्लासला सुट्टी हाय. वर्षातली एकच म्हणा. तेवढा दिवस तरी तिला कुठं तरी न्या. घरात ठेवली तर पुस्तक घेऊन बसती, अन् पुस्तक उघडलं की डोळ्यात पाणी."

"तिचं काय म्हणणं आहे?"

"ती काय म्हणणार? ती काहीच म्हणत न्हाई, तेच तर सांगायले तुम्हाला."

ही भाची आधी अशी नव्हती. तेरा वर्षांची होईपर्यंत ती उन्हाळ्यात माझ्याकडं नांदेडला यायची. एकदा अर्धापूरला ओळखीच्यांच्या केळीच्या बागेत नेलं होतं. केळीला बी नसतं हे कळल्यावर तिनं विचारलं, मग पहिली केळ कुठून आली? बागेच्या मालकाला उत्तर आलं नाही. एसटीत कंडक्टरला विचारलं, त्यालाही आलं नाही. त्यानं तिला अर्ध्याऐवजी पूर्ण तिकीट द्यायची धमकी दिली. मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात तीन पुस्तकं काढून बसले. त्या उन्हाळ्याइतका उपयोग त्या पुस्तकांचा आधी कुणी केला नव्हता, नंतरही नाही. आणि त्या वर्षीच्या दिवाळीत हीच मुलगी माझ्याशी एकूण तीन वाक्यं बोलली. त्यातलं एक 'लाईट गेली' हे होतं.

पुढच्या वर्षी ती कुठल्या तरी दूरच्या हॉस्टेलवर जाणार होती. म्हणजे तिच्याकडं हा एकच दिवस होता आणि आमच्याकडंही. तो वाया जाऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं. तिला कुणी विचारलं नाही. सहल मुलांची असते, नियोजन मोठ्यांचं.

बाकीच्यांच्या मागण्या मी फोनवरून रीतसर घेतल्या. भाचा तेरा वर्षांचा. त्याला किल्ला हवा होता आणि किल्ल्यावर खरी तोफ. "सिमेंटची असली तर मी येणार न्हाई, आत्या, आधीच सांगायलोय." माझा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला घोरपड बघायची होती. मुलगी पाच वर्षांची, तिला झोका. कुठलाही झोका नाही, उंच झोका. आणि मोठी भाची म्हणाली, "कुठंही चालेल, आत्या."

तक्त्यात सगळ्यात अवघड रकाना हा 'कुठंही'चा निघाला. तोफेसाठी औसा सापडलं. घोरपडीसाठी खरोसा लेणी; दगड आहेत म्हणजे घोरपड असेल, असा माझा अंदाज. झोक्यासाठी संध्याकाळी लातुरातली एक बाग. 'कुठंही'समोर मी 'लेण्यांतील शांतता, संवाद' असं लिहिलं. आज ती वही काढून बघितली की संवाद या शब्दाची मला लाज वाटते. लेण्यात नेऊन एखाद्याला बोलतं करायचं, ही कल्पना लेणी खोदणाऱ्यांनाही सुचली नसेल.

भाऊ माझ्यापेक्षा दोन पावलं पुढं होता. त्यानं व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला आणि आदल्या आठवड्यात त्यावर फ्लेक्सचा नमुना टाकला. वर 'भव्य कौटुंबिक अभ्यास सहल', खाली चार मुलांचे पासपोर्ट फोटो, आणि बाजूला त्या चौघांना मिळून व्यापेल एवढ्या जागेत भाऊ स्वतः, कानाला मोबाईल लावून.

मी फोन केला. "अरे, सात माणसं आपण. फ्लेक्स कशाला?"

"गाडीला लावायला. ओळख पाहिजे की गाडीची."

"कुणाला ओळखायचीय?"

"अक्का, तुला ना कशाचं कौतुकच न्हाई."

"आणि अभ्यास सहल का?"

"नुसती सहल म्हणलं की हलकं वाटतंय गं."

"फोनवर कुणाशी बोलतोयस त्या फोटोत?"

"तुझ्याशीच समज," तो म्हणाला आणि फ्लेक्स छापायला गेला.

आता येळवशीबद्दल सांगायला हवं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी लातूर जिल्ह्यातला माणूस घरात राहत नाही, रानात जातो. ज्वारी-हरभरा उभा असतो, त्यात कडब्याची कोप करतात, म्हणजे चार माणसं बसतील एवढी खोपटी. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा करून घरून आणलेलं जेवतात: डाळी आणि हिरव्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मातीच्या मडक्यात ताकातलं ज्वारीचं आंबिल. दुपारी शहर असं रिकामं होतं की चौकातले कुत्रे रस्त्याच्या मधोमध झोपतात.

आमचंही रान होतं. पंचविशीत लग्न होऊन नांदेडला जाईपर्यंत मी एकही येळवस चुकवली नाही. वडील बैलगाडीच्या काळातले, पण आम्ही जायचो ते एका ओळखीच्यांच्या टेम्पोतून. आई मडकं मांडीवर धरायची आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरचं नाव घेऊन उद्धार करायची. आंबिलाचा आंबूस वास, करडईचे काटे, कोपीतली कडब्याची ऊब, हे सगळं मला अजून जाणवतं, तेही ग्रंथालयात, जुन्या नियतकालिकांच्या कपाटापाशी. का ते माहीत नाही. वडील गेल्यावर रान विकलं. तिथं आता प्लॉट पडलेत. आमची विहीर होती तिथं नकाशात बाग दाखवलीय.

सात वर्षं रान नसलं की येळवस ही नुसती सुट्टी होते. भावाला आणि मला त्या दिवसाबद्दल एवढंच आठवलं, की रस्ते मोकळे असतात आणि किल्ल्यावर गर्दी नसते. तारीख फार हुशारीनं निवडली म्हणून आम्ही एकमेकांचं अभिनंदनसुद्धा केलं. रस्ते मोकळे असतात ते कुणामुळं, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही.

आदल्या दिवशी मी दोन्ही मुलांना घेऊन एसटीनं लातूरला पोचले. बाजारात हिरव्या वाटाण्याचे आणि पातीच्या कांद्याचे ढीग होते, चुन्याचे पट्टे ओढलेली मडकी रांगेनं मांडलेली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. मी मुलांना म्हटलं, बघा, लातूरचा बाजार किती जिवंत आहे. एवढं वाचन करून माणूस किती आंधळा राहू शकतो याचं हे उदाहरण मी स्वतःच्या नावावर ठेवते.

सकाळी सातला ठरल्याप्रमाणं जीप दारात आली. आम्ही फ्लेक्स, पुऱ्यांचा डबा आणि तक्ता घेऊन बाहेर आलो, तर जीप भरलेली. मागच्या बाकावर ड्रायव्हरची बायको, दोन लेकरं, आणि मधोमध त्याची आई, मांडीवर मडकं धरून.

ड्रायव्हर उतरला. "चला दादा. तुमचं रान कुठल्या रोडला हाय? तुम्हाला सोडतो अन् मी माझ्या रानाला जातो. सांजच्याला न्यायला येतो."

भाऊ फ्लेक्स हातात धरून उभा. "रान... न्हाई राहिलं आता आमचं."

"मंग? येळवशीला कुठं चाललाव?"

"किल्ल्यावर."

जीपमधून म्हातारीचा आवाज आला, "किल्ल्यावर कोणाचं रान हाय रं?"

"न्हाई माय, फिरायला चाललेत."

"येळवशीला?" म्हातारीनं मडक्यावरनं मान काढून आमच्याकडं बघितलं. आम्ही सातजण ओळीत उभे होतो. आमच्यात काहीतरी कमी आहे हे तिला दिसलं असावं, कारण आवाज एकदम खाली आला. "कोन्ही गेलं का काय घरातलं?"

"न्हाई हो आजी, सगळे हायेत," वहिनी म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

भाऊ ड्रायव्हरला बाजूला घेऊन समजावू लागला. कार्यक्रम ठरलेला हाय, अक्का नांदेडहून आलीय, तक्ता केलाय. ड्रायव्हरनं माझ्या हातातला तक्ता बघितला, उलटा बघितला. "दादा, तुम्ही मला सात वाजता या म्हणलाव, सात माणसं हायेत म्हणलाव. मला वाटलं रानातच जायचंय. येळवशीला दुसरीकडं कोण जातंय? म्या जरी नेलो तरी तिथं चहाची टपरी बी उघडी न्हाई आज."

भावानं आणखी दोन गाडीवाल्यांना फोन लावले. एकाच्या फोनमध्ये मागं बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता. दुसऱ्यानं उचलला, आणि आधी आम्हालाच जेवायला बोलावलं. माझा भाचा पायरीवर बसून म्हणाला, "मला माहीत होतं. तोफ बघायची म्हणलं की काहीतरी होतंच." माझी मुलगी झोक्यासाठी रडायला लागली. मी भाचीकडं बघितलं. तिनं स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढल्या होत्या आणि ती रिकाम्या रस्त्याकडं बघत होती. साडेसात वाजले होते. तिच्या दिवसाची साडेसात मिनिटं गेली असती तरी मला वाईट वाटलं असतं, इथं अर्धा तास गेला होता.

"बसा गाडीत," म्हातारी म्हणाली. "आमच्याकडं चला. रान न्हाई म्हणून घरात बसायचं असतंय का आजच्या दिवशी?"

"आजी, आम्ही सात जण," मी म्हटलं.

"दिसायलेत की. मला मोजता येतंय."

भाऊ भाचीला म्हणाला, "बाई, सुट्टी तुझी हाय. तू सांग."

"कुठंही चालेल, पप्पा," ती म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी गाडीत चढली. म्हातारीनं सरकून जागा केली आणि मडकं तिच्या मांडीवर दिलं. "धर नीट. सांडलं तर पांडव उपाशी."

बारा जण एका जीपमध्ये कसे बसले हे मी सांगू शकत नाही, कारण माझं तोंड खिडकीच्या बाहेर होतं. फ्लेक्स पुढच्या जाळीला बांधायचा भावाचा विचार होता, पण तिथं ऊस बांधलेला होता.

रान शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला, मुख्य सडकेपासून आत. करडई, हरभरा, कडेला तुरी. बांधावर बाभूळ आणि एक मोठा कडुलिंब. ड्रायव्हरचा भाऊ आधीच येऊन कोप करून बसला होता. पूजा झाली, मग रानभर आंबिल शिंपडत फिरायचं असतं: पुढं एकानं मडकं घ्यायचं, मागच्यांनी आरोळ्या द्यायच्या. 'वलगे वलगे सालम पलगे', अशी ती आरोळी. कानडी आहे असं म्हणतात. अर्थ विचारला तर प्रत्येक रानात वेगळा सांगतात, म्हणून मी विचारणं सोडून दिलंय. भाऊ मागं चालत होता. सात वर्षांत पहिल्यांदाच तो ओरडत होता, तेही डाळमिलमधल्या आवाजात नाही, लहानपणीच्या. मीही ओरडले. ग्रंथालयात असताना मी इतरांना गप्प बसवते.

आता तक्त्याचं काय झालं ते प्रामाणिकपणे सांगते. झोका मिळाला, ड्रायव्हरच्या भावानं लिंबाला दोर बांधला आणि माझी मुलगी संध्याकाळपर्यंत त्यावरून उतरली नाही, जेवलीसुद्धा त्यावरच. घोरपड मिळाली नाही. मुलाला बांधावर सरडा सापडला. ही घोरपड आहे का, असं त्यानं म्हातारीला विचारलं, तर ती म्हणाली, "तिचंच पोर हाय." त्यानं ते शाळेत जाऊन सांगितलं आणि बाईंनी वहीत शेरा मारला. तोफ मिळाली नाही. भाचा तीन वाजेपर्यंत रुसून जीपमध्ये बसला होता, मग भूक लागली म्हणून आला, सहा उंडे खाल्ले आणि पुन्हा जाऊन रुसला. त्याचा किल्ला अजून माझ्याकडं बाकी आहे. दर दिवाळीला तो आठवण करून देतो. फ्लेक्सवर आम्ही जेवायला बसलो. भावाच्या फोटोवर भज्जीचं पातेलं आलं. तो म्हणाला, ठीक हाय, निदान मजबूत हाय कापड.

आणि भाची जेवली, हात धुतला, कोपीत गेली, कडब्याला टेकली आणि झोपली.

तेव्हा बारा वाजून गेले होते. एकला वहिनी आत डोकावली. दीडला पुन्हा. दोनला तिला राहवेना. "अक्का, ही काय झोपायला आली का इथं? एवढं सगळं हाय इथं, झोका हाय, हरभरा हाय. वर्षातला एक दिवस मिळाला अन् ही झोपायली!"

"उठवू का?" भाऊ म्हणाला. "हुरड्याला अजून वेळ हाय, पण ऊस खाईल. फोटो तरी काढू एखादा सगळ्यांचा."

दोघं माझ्याकडं बघू लागले. नियोजन माझं होतं.

मी कोपीच्या तोंडाशी गेले. तिनं ओढणी तोंडावर घेतली होती. पायाचे तळवे बाहेर आले होते, कडब्याच्या काडीसारखे वाळलेले. झोपेत तिचं तोंड थोडं उघडं होतं. अशी मी तिला नांदेडच्या एसटीत बघितली होती, पहिली केळ कुठून आली हे विचारून विचारून दमल्यावर, माझ्या खांद्यावर. मला तिच्याशी बोलायचं होतं. क्लास कसा चाललाय, हे विचारायचं नव्हतं. बाकी सगळं विचारायचं होतं. त्यासाठी मी दीडशे किलोमीटर आले होते आणि रकान्यात तसं लिहिलंही होतं. हाक मारायला मी तोंड उघडलं, हेही खरं आहे.

"उठवू नका," मी बाहेर येऊन म्हणाले. "ती दोन वर्षांत दुपारी झोपलीय का कधी?"

 वहिनी म्हणाली, "दुपारी कुठली. रात्री बी न्हाई."

म्हातारीनं आंबिलाच्या मडक्यावर फडकं टाकलं. "उठली की तहान लागंल तिला. कोन्ही संपवू नका हे."

मग आम्ही तिघं पाळीपाळीनं कोपीबाहेर बसलो. मुलं ओरडत आली की हातानं गप्प करायचो. भावानं फोनसुद्धा लांब बांधावर जाऊन उचलला. मी कधी काळी आमच्या रानातल्या कोपीत अशीच झोपले असेन, आणि बाहेर कुणी तरी असंच बसलं असेल. पण मला ते आठवत नाही, कारण मी झोपले होते. उन्हं तुरीवर उतरली. करडईवरून वारा आला. एवढा वेळ काहीच न करता मी पुन्हा कधी बसले नाही.

साडेपाचला ती उठली. केसात कडबा, गालावर काड्यांचे वळ. बाहेर येऊन तिनं आकाशाकडं बघितलं आणि घाबरली.

"किती वाजले?"

"साडेपाच."

"कुणी उठवलं कसं नाही?" तिनं आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आत्या, आज दुसरं काही करायचं नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणाले. तक्ता पर्समध्ये होता.

ती आंबिलाचे तीन पेले प्यायली आणि झोक्याशेजारी जाऊन माझ्या मुलीला झोके देत राहिली, अंधार पडेपर्यंत. आम्ही फार बोललो नाही. परतताना जीपमध्ये तिचं डोकं म्हातारीच्या खांद्यावर होतं, रिकामं मडकं तिच्याच मांडीवर.

त्यानंतर ती परीक्षा झाली, प्रवेश झाला, हॉस्टेल झालं. चौघं एका गाडीत पुन्हा बसली नाहीत. मला मात्र तो दिवस फार मोठा वाटतो. एखाद्याला आपण काय देऊ शकतो आणि काय देऊ नये, हे त्या दुपारी मला कळलं असं मी पुष्कळदा मनाशी म्हणते, आणि दरवेळी ते थोडं अधिक चांगल्या शब्दांत म्हणते.

परवा ती सुट्टीवर आली होती. मी विषय काढला. येळवशीचं ते रान, ती कोप, आठवतं का गं?

"आठवतं की," ती म्हणाली. "आत्या, तिथं मला लाल मुंग्या चावल्या होत्या. आठवडाभर पाय सुजला होता."